ब्यूक मोटारीत बसल्याबद्दल मागाहून परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मोटार वाहन शाखा, भिलाई.

अर्जदार: रुक्मा देवीदास गजभिये, राहणार कैंप-१, भिलाई.

विषय: १९४९ सालच्या काळ्या ब्यूक मोटारीतून दिनांक १६ मे रोजी केलेल्या प्रवासास, सदर मोटारीचा लिलाव होण्याआधी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाच्या फळ्यावरील लिलावाची सूचना, दिनांक ३ जून १९६३.

माननीय साहेब,

१. मी आपल्या शाखेतील ड्रायव्हर देवीदास जानराव गजभिये यांची पत्नी आहे. सन १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणते, आणि अष्टमी-पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून आठ शीलं पाळते. माझा आवाज बारीक आहे. समोर येऊन बोलले तर साहेबांना ऐकू जाणार नाही, म्हणून लिहून देत आहे. शिक्षण चौथीपर्यंत.

२. सदर मोटार साहेबांच्या पाहण्यातली आहे. तरी सूचनेत तिच्याबद्दल ‘जुनी, मोठी, सुस्थितीत’ एवढे तीनच शब्द आहेत, म्हणून थोडे लिहिते. तिचे नाक आमच्या गल्लीच्या वळणावर पोचते तेव्हा पाठ अजून नळापाशी असते. दोन्ही बाजूंना बांगड्यांसारखी तीन-तीन गोल भोके आहेत आणि समोर चकचकीत उभे दात. शेजारची कांता म्हणते, “मले पाहूनच हासते वं ते.” किल्ली फिरवून पायाने ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन सुरू होते, आणि सुरू झाले हे ऐकू येत नाही, बॉनेटवर हात ठेवावा लागतो. आतले घड्याळ चौदा वर्षांनी आजही बरोबर चालते. आमच्या गल्लीतल्या बाया दुपारच्या नळाची वेळ त्याच्यावरून धरतात. दार लावले की भरल्या पेटीचे झाकण बसावे तसा आवाज होतो. सगळ्या भिलाईवर लाल धूळ बसते, पण त्या मोटारीवर बसलेली मी पाहिली नाही. ‘सुस्थितीत’ हा शब्द अगदी खरा आहे आणि त्याच्यामागे माझ्या नवऱ्याची सहा वर्षे आहेत. तुम्ही माझ्यापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहता, असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, “तू काई सरकारी हायेस का?”

(स्टार्टरचे लिहू नको, साहेब म्हणतील ड्रायव्हर बायकोले मशीन शिकवून राहिला, असे यांनी बजावले होते. पण मी विचारले म्हणून त्यांनी सांगितले होते, आणि ते लपवणे मला जमत नाही.)

३. आता घडले ते. १६ मे रोजी वैशाखातली अष्टमी होती. मी दुर्गला नणंदेकडे गेले होते. परतीची बस चुकली म्हणून डोक्यावर गाठोडे घेऊन पायी निघाले. दुपार टळली नव्हती. मागून सदर मोटार आली. तिच्यात रशियन इंजिनिअर साहेबांच्या पत्नी व्हेराबाई होत्या, दुर्गच्या बाजारात कापड घ्यायला गेल्या होत्या. मोटार पुढे निघून गेली, कारण हे ड्युटीवर बायकोसाठी थांबणारे नाहीत. पण व्हेराबाईंनी त्यांच्या खांद्यावर टकटक केले, मोटार उलटी आली, आणि बाईंनी आतून दार उघडून मला हाताने बोलावले. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हते. यांनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

ऊन फार होते. मी बसले.

४. परंतु बसताना अडचण आली. आठव्या शीलाप्रमाणे अष्टमीला उंच आणि मऊ आसनावर बसायचे नसते, आणि त्या मोटारीच्या मागच्या गादीहून उंच-मऊ असे मी आयुष्यात काही पाहिलेले नाही. म्हणून मी खाली पाय ठेवायच्या जागेत मांडी घालून बसले. मांडी पूर्ण बसली, गाठोडेही मावले, यावरून मोटार केवढी आहे हे ध्यानात यावे. व्हेराबाईंना वाटले हीच आमच्याकडची रीत असावी. त्या भल्या बाई, त्याही झगा सावरून खाली उतरल्या. मध्ये एक उंचवटा आहे, त्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या.

यांनी आरशात पाहिले तर मागे कोणी नाही. मोटार थांबवून वळून पाहिले. ड्युटीवर असल्याने मला म्हणाले, “बाई, वर बसा.” मी म्हटले, “ड्रायव्हर साहेब, आज अष्टमी हाय.” मग त्यांनी मोटार पुढे काढली, मात्र त्यांचे कान लाल झालेले मागून दिसत होते. पुढे चौकीवरच्या पहारेकऱ्याने सलामाला हात उचलला आणि रिकामी गादी पाहून तो हात तसाच वर राहिला. व्हेराबाईंनी मला लिंबाची गोळी दिली. अष्टमीला बारा वाजल्यानंतर खायचे नसते म्हणून ती पदराला बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खाल्ली. ती दिलेली होती, तिच्याबद्दल हा अर्ज नाही.

उतरताना मी यांच्याकडे बोट दाखवले आणि मग माझ्या गळ्यातल्या मण्यांकडे. बाईंना उलगडा झाला. त्यांनी हसत हसत यांच्या पाठीवर दोनदा थाप मारली.

५. तेव्हापासून माझे दुसरे शील अडते. ‘न दिलेले घेणार नाही’ असे म्हणायला जाते आणि आवाज तिथेच बसतो. मोटारीत बसायला बोलावले पाहुणीने, पण मोटार काही पाहुणीची नाही. कामठीचे भन्तेजी कैंपात आले तेव्हा त्यांना विचारले. ते म्हणाले, ज्याची वस्तू आहे त्याने दिली म्हणजे झाले, त्याला विचारा. मग मोटार कोणाची, याची मी चौकशी केली. हे म्हणाले कारखान्याची. प्रेमलाचा नवरा रेल्वेत कारकून आहे, तो म्हणाला भारत सरकारची. कांता म्हणाली, “सरकार मंजे आपणच ना वं. मंग तू तुलेच विचार. कावून फिरून राहिली दारोदारी?” मी तेही करून पाहिले. तीन दिवस स्वतःला विचारले आणि तीन दिवस होकार दिला, पण आवाज मोकळा झाला नाही.

६. अशात फळ्यावर सूचना लागली, की मोटार २४ जून रोजी मैदानात लिलावाने विकली जाईल. त्यानंतर ती कोणा परक्याची होईल. तो रायपूरचा असेल की कटकचा, कोण जाणे. आणि त्याने परवानगी दिली तरी १६ मे रोजी मोटार त्याची नव्हती, म्हणजे त्याची परवानगी चालणार नाही. ती द्यायला आज फक्त आपण आहात, आणि तेही चौदाच दिवस. त्यानंतर माझी शीलं जन्मभर चारच राहतील.

यात माझ्या नवऱ्याचा दोष नाही. दोष असल्यास उन्हाचा आणि माझा.

७. इथे अर्ज संपवणार होते. परंतु चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि पोटात ठेवणे मी त्यातच धरते. तरी कळवते की, त्या दिवशी मला फार आवडले. इतके की घर आले तेव्हा वाईट वाटले. वर खिडकीत झाडांचे शेंडे आवाज न करता पळत होते, एक हिसका बसला नाही, आणि माझे कोपर गादीच्या कडेला लागत होते. तेवढीच ती गादी मला ठाऊक आहे. न विचारता घेतले म्हणून गोड लागले, की ती मोटारच तशी आहे, हे आता मला ठरवता येत नाही. विचारून बसल्याशिवाय ते कळणारही नाही.

म्हणून विनंती आहे की,

(अ) १६ मे रोजीच्या, फक्त खाली बसून केलेल्या प्रवासास परवानगी द्यावी;

(ब) २४ जून रोजी मोटार गॅरेजमधून मैदानापर्यंत जाणारच आहे. मागची गादी रिकामी जाईल. त्या दिवशी अष्टमी नाही, मी पाहून ठेवले आहे. तेवढ्या अंतरापुरते मला गादीवर बसू द्यावे.

आणखी एक कारण आहे, ते यांनी सांगितलेले नाही, पण मला दिसते. मोटार देऊन यांना परत यायचे आहे, आणि सहा वर्षांत ते तिच्याविना त्या रस्त्याने आलेले नाहीत. मी सोबत असले तर येताना दोघे बोलत पायी येऊ. त्याला परवानगी लागत नसावी. लागत असल्यास तीही द्यावी.

आपल्या एका सहीसाठी थांबलेली,
रुक्मा देवीदास गजभिये
कैंप-१, भिलाई
दिनांक १० जून १९६३

सोबत:
१. परवानगीचा मजकूर, माझ्या अक्षरात. साहेबांना वेळ नसल्यास खाली फक्त सही करावी.
२. मोटार पुसायचे फडके, एक. धुवायला घरी आणलेले होते, धुऊन वाळवले आहे. नव्या मालकाला द्यावे आणि सांगावे की दात वरून खाली पुसायचे, आडवे नाही.