ठमीला कोण सांभाळणार

४ जून

ती. अण्णांना सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा शेजारच्या काकांचा फोन आला, जीव भांड्यात पडला. ठमी रांगत तुमच्या खुर्चीपाशी जाते आणि मीच तुम्हाला लपवल्यासारखी माझ्याकडे रोखून बघते.

अण्णा, हात धजत नाही, तरी लिहिते. माझी रजा संपतेय. तुम्ही आधी एक आठवडा राहून बघायचं आणि मग ठमीला सांभाळायला कायमचं यायचं, असं आपलं ठरलं होतं. पण गुरुवारी तुम्ही दूध घेऊन एकटेच परत आलात. ठमी कुठेय विचारलं, तर आत झोपली असेल म्हणालात. बाबागाडी दुकानाच्या दारातच राहिली होती. मी अनवाणी धावले. दुकानातल्या बाईंनी तिला कडेवर घेतलं होतं. ती खिदळत होती, मीच रडत होते.

म्हणून तिला पाळणाघरात घालतोय. तळमजल्यावर स्वस्त आहे, पण एका खोलीत दहा पोरं टीव्हीसमोर बसवतात. माझ्या हॉस्पिटलजवळचं चांगलं आहे, फक्त माझा निम्मा पगार तिथेच जाईल. हे स्कूटर विकताहेत. गुरुवारचं मी यांना सांगितलेलं नाही, तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही एवढंच म्हटलं. राग मानू नका, माया पातळ करू नका.

तुमची,
सूनबाई

९ जून

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

लिहिलंस ते बरं केलंस. सगळी हयात बस चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि नातीलाच रस्त्यात विसरलो. दूध आठवतं, त्या बाईंशी मारलेल्या गप्पा आठवतात. बाबागाडी काही केल्या आठवत नाही. फार लाज वाटते गं.

ठमीला चांगल्याच ठिकाणी घाल. पेन्शनमधून दरमहा थोडे पाठवीन, नको म्हणू नकोस. मुलाला मात्र यातलं कळू देऊ नकोस. त्याच्या नजरेत मी अजून ड्रायव्हर आहे.

तुझा,
अण्णा

३० जून

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. सासऱ्याला विसरलीस की काय? शेजारी म्हणतात, ठमीला पाळणाघरात घातलंत. अगं, आजोबा धडधाकट असताना पोर परक्यांच्या हाती आणि पगार पाण्यात? तुमचं आपलं काहीतरीच.

मागे आठवडाभर राहिलो, तेव्हा माझा काही त्रास झाला का तुला? झाला असेल तर मोकळेपणाने सांग, मी सुधारेन. बॅग भरून ठेवलीय. रविवारच्या गाडीने निघतो. ठमीला म्हणावं, तिचा घोडा येतोय.

तुझा,
अण्णा

३ जुलै

ती. अण्णांना सा. न. वि. वि.

तुमची पत्रं यांना दाखवली. ते वही काढून महिन्याचा हिशेब पुन्हा मांडायला बसले.

तुम्ही या, इथेच राहायला या. पण रविवारी एकटे निघू नका, हे तुम्हाला न्यायला येताहेत. ठमी पाळणाघरात रुळलीय, म्हणून तेवढं चालू ठेवतोय. संध्याकाळी तुमची दोघांची मजा. दिवसभरासाठी घरी एक बाई ठेवल्या आहेत, स्वयंपाकाला म्हणून. स्वभावाने चांगल्या आहेत, तुमच्याबरोबर फिरायलाही येतील. पैशांचं विचारू नका, आशीर्वाद तेवढे पाठीशी ठेवा.

त्या आठवड्यात मला काही त्रास झाला का, असं विचारलंत. नाही अण्णा, काहीच झाला नाही.

तुमची,
सूनबाई