रत्नम्माच्या आडाचा दोर

९ मार्च १९८६, लातूर

बोला म्हणती, म्हणून बोलून राहिले. लिहिती माझी नातसून, शिवकांता. तिला सातवा लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाली दुपारची तरी बसून राहा, अन् बसून बसून ती बेजार झाली. देविदासानं कचेरीतून ही वही आणली. वर सोनेरी अक्षरात नव्या जिल्ह्याचं नाव हाय म्हणं. जिल्हा नवा, कचेरी नवी, माझा नातू त्यात कारकून नवा — जुनी मी एकटीच! अन् हा दुष्काळ. तो माझ्याहून जुना.

मी अक्षर शिकले न्हाई. पोरगी माझं लिहिती का तिचंच काही लिहिती, देवाला ठावं. मधूनच ‘वाच बरं’ म्हणते. अजून तरी सापडली न्हाई.

१२ मार्च

आज या खोलीचं लिहायला लावलं.

देविदास लातूरभर हिंडला. ‘खोली हाय का?’ हाय. ‘नाव काय?’ देविदास. ‘पुढं काय?’ — पुढं काय! तिथंच गाडी अडायची. पुढचं सांगितलं की खोली कालच भाच्याला दिलेली असायची. लातुरात इतके भाचे कुठून आले, कुणास ठाऊक! कचेरीचं ओळखपत्र दाखवलं तरी तेच. एकानं पाणी दिलं अन् तांब्या अंगणातच ठेवला.

आम्ही मांग. दोर वळणारे. लिही गं, वहीला विटाळ न्हाई.

शेवटी शिवकांताला पुढं केलं. ती लिंगायताची लेक. गळ्यात लिंग, बोलणं उदगीरचं. रत्नम्मानं दार उघडलं, हिच्या गळ्याकडं बघितलं अन् म्हणाली, ‘यव्वा, आमचीच की गं तू!’ खोली मिळाली. मालकीणबाई विधवा, लेकरं पुण्याला. अंगणात आड. या साली अंगणात आड म्हणजे अंगणात सोनं! आडनाव विचारलं तेव्हा देविदास म्हणाला, चाकूरकर. चाकूरला आम्ही फक्त एसटी बदलतो.

शिवकांतानं देविदासाशी लग्न केलं तेव्हा तिच्या बापानं जित्या लेकीच्या नावानं अंघोळ केली. मी म्हणलं, बरं झालं, दुष्काळात कुणी अंघोळ तरी केली! हसली. मग रडली. ‘आजी, हे पण लिहू?’ म्हणती. लिही की.

१९ मार्च

देविदासाचा हुकूम — ‘आजी, गल्लीत कमी बोल.’ कमी बोलले असते तर तुला शाळेत कुणी घातलं असतं रे?

२७ मार्च

पलीकडच्या घरात म्हातारा वारला. लिंगायतांत जाळत न्हाईत, बसवून माती देतात. खुर्चीत बसवला, कपाळाला भस्म, फुलं घातली, वाजतगाजत नेला. देखणा दिसत होता. जिता असताना इतका न्हाई दिसला.

रत्नम्मा माझ्याजवळ येऊन बसली. मला ती अव्वा म्हणती, आई म्हणावं तसं. हळूच विचारलं, ‘अव्वा, तुमच्याकडं माती का अग्नी?’

मी सरळ सांगितलं — माती.

‘हाव? मग पक्कं आमचंच घर!’ म्हणाली, अन् माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला. शिवकांता तोंडाला पदर लावून आत पळाली. मी खोटं काय बोलले? आमच्यात पण मातीच. लाकडं विकत आणून जाळायला कुणाकडं होतं! रत्नम्मानं विचारलं तेवढंच सांगितलं. गूळ चांगला होता.

६ एप्रिल

आज गूळ कडू झाला.

खालच्या वस्तीतली एक बाई पाण्याला आली. रुक्मिणबाई नाव. दाराबाहेर घागर ठेवली अन् लांब सरून उभी राहिली. रत्नम्माचा गुडघा धरलेला. ‘अव्वा, तेवढं वाढ तिला. वरून हां!’

मी पोहरा उचलला. वरून वाढायचं कसं, मला काय ठाऊक? मी जन्मभर खालून घेतलंय. हात आपसूक खाली गेला, पोहरा घागरीला लागला. ठण्ण!

‘अव्वा! शिवलं की!’ रत्नम्मा ओरडली. पोहरा चुलीतल्या राखेनं तीनदा घासला.

रुक्मिणबाईनं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं न्हाई, हाताकडं. माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात पीळ धरून धरून पडलेला घट्टा हाय. तसाच तिलाही. घागर डोक्यावर घेतली अन् जाताजाता म्हणाली, ‘येते गं मावशी.’ अव्वा न्हाई. मावशी.

जेवले न्हाई. देविदासाला सांगितलं तर म्हणाला, ‘दोन-तीन महिने काढ, आजी. लेकरू होऊ दे.’ त्याचं तरी काय चुकलं? दुसरीकडं पाणी कुठं? टँकर आठवड्यातून एकदा येतो अन् बाया एकमेकींचे केस धरतात. हिला त्यात कसं धाडू?

१४ एप्रिल

आडाचं पाणी खाली गेलं. दोर पुरंना. शिवकांता काठावर वाकली, पोट दगडाला टेकलं. ओरडले, मागं ओढलं. रत्नम्मा म्हणाली, ‘बाजारातून दोर आणवते.’ पुण्याच्या लेकाच्या मनीऑर्डरची वाट बघून राहिली.

दुपारी सगळी निजली. मी बाजेवर बसले होते. माझी बाज, गावाहून आणलेली. केकताडाची पानं कुटून वाखाचा धागा मीच काढला, मीच वळला, मीच विणली. हात रिकामा होता. पायथ्याची एक दोरी सोडली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत बाजेचा नुसता सांगाडा राहिला!

तो वाख पिळून आडाच्या दोराला जोडला. गाठ मारली न्हाई. गाठ रहाटात अडकते. पिळात पीळ घालून जोडला, देविदासाच्या आज्यानं शिकवलं होतं तसा. पोहरा सोडला — बुडाला. भरून आला. पोरीनं ताठ उभ्यानं ओढला.

देविदासानं सांगाडा बघितला. ‘आजी, हे काय केलंस?’ म्हणलं, पाणी काढलं.

१६ एप्रिल

रत्नम्मानं आज दोर हातातून सरकवत बघितला. एकदा. परत एकदा. गाठ शोधत होती. सापडंना.

‘कुणी जोडला, शिवकांता?’

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, मी.

रत्नम्मानं ती जोड बोटांत घोळवली. मग म्हणाली, ‘माझ्या बापाच्या शेतावर पोळ्याला एक बाई दावी घेऊन यायची. अशीच जोड. बाप म्हणायचा, ही जोड फक्त त्यांच्याच हातात.’

‘मग तुमच्या बापाला दोराची पारख होती,’ मी म्हणलं.

ती हसली न्हाई. आत गेली. कडीचा आवाज आला.

१७ एप्रिल

मला वाटलं दोर काढून फेकील. न्हाई. सकाळी त्याच दोरानं पाणी काढलं!

मी विचारलं, ‘चालतो व्हय मग दोर?’

‘दोराला काय होतंय? तो पाण्यातच असतो.’

मी पण घागरभर पाणी ओतून घेतलं तर चालंल का, विचारणार होते. पोरीनं पदर ओढला.

१९ एप्रिल

निकाल लागला. मला बोलावलं न्हाई, शिवकांताला बोलावलं. ‘तू आमची लेक. तुझं बाळंतपण मी करीन, डिंकाचे लाडू करीन. नवरा काय, दिवसभर कचेरीत. पण त्या बाईंना गावी धाड. गल्ली मला वाळीत टाकंल.’

परवापर्यंत अव्वा. आज त्या बाई.

तिचं पण खोटं न्हाई. विधवा बाई, गल्लीच्या जिवावर जगती. पण लाडू? मी करणार होते ते लाडू.

२० एप्रिल

देविदास भिंतीला बोलला — ‘थोड्या दिवसांचाच प्रश्न हाय.’ भिंतीला पटलं असंल. मी लुगडी बांधायला घेतली.

२१ एप्रिल

उद्या सकाळच्या गाडीनं जाते. मीच ठरवलं. कुणी ढकललं म्हणून लिहायचं न्हाई, आपल्या पायानं चालले लिही. गावात मांगवाड्याचा हापसा अजून घागर-अर्धी घागर देतो. माझ्या एकटीला पुरतं.

पोरगी लिहीत न्हाई. नुसती बसून राहिली. लिही गं! नाक नंतर पूस. डोहाळे लागले म्हणून चिंच खाऊ नको, पोटाला बाधती. आडावर वाकू नको, दोर आता पुरतो. लेकरू झालं की त्याला सांग, पणजीचं आडनाव चाकूरकर नव्हतं. आत्ता न्हाई, मोठं झालं की सांग.

ही वही इथंच संपली. तिकडं मला लिहून द्यायला कुणी न्हाई.

२६ एप्रिल, गाव

अक्षर तेच हाय. शिवकांता काल दुपारच्या एसटीतून पोट सावरत उतरली, एका हातात वही अन् खांद्यावर दोराचं भेंडोळं. सगळाच दोर! मी म्हणलं, अगं, अर्धा त्यांचा होता की. म्हणाली, ‘रत्नम्मा पण तेच म्हणाल्या, आमचा तेवढा ठेवून जा. मी दोर त्यांच्या हातात दिला. म्हणलं, दाखवा, तुमचा कुठला?’