गादीचा न शिवलेला कोपरा

शुक्रवार, संध्याकाळ

आणि वर मंगला मलाच म्हणते, "अक्का, तू भलती ताणस!" धरणगावात गाद्यांचं दुकान टाकलं तेव्हाच आम्ही दोघी जावांनी ठरवलं होतं, गादीचा एक कोपरा उघडा ठेवायचा. गिऱ्हाइकानं आत हात घालून कापूस बघावा, मगच शेवटचा टाका घालायचा. आज एका गिऱ्हाइकानं बाळंतिणीसाठी सांगितलेली गादी मंगलानं चारी कोपरे शिवून ठेवली. मी तो कोपरा उसवला. वर बोटभर पांढरा कापूस, आत सगळा गिरणीचा काळा कचरा.

"झोपनाराना पाठले काय डोया ऱ्हातस का?" म्हणे. हसलीसुद्धा. पाठीला डोळे नसले म्हणून काय कचऱ्यावर निजवायचं?

कालच पारोळ्याला एक गादी गेली. तीही तशीच का, विचारलं, तर सुईत दोरा ओवायला लागली. म्हणजे तशीच.

दुकान तिच्या ओसरीत, पिंजायचं मशीन तिच्या नावावर. मी बाहेर पडले तर परत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जावं लागेल. माहीत आहे मला. तरी तो कोपरा मी शिवणार नाही.

मंगला, सोमवारी दुकान उघडायच्या आत सांग. पारोळ्याची गादी परत आणायला माझ्याबरोबर येतेस, का दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव पुसू?