वरच्या तळ्याकाठची जागा

कार्तिक वद्य ४, शके १८२९
आमच्या दुकानात पोत्यांआड मेलेले उंदीर — प्लेग! गाव सोडायचं ठरलं. जंगलगार्ड सांगून गेला — सरकारी रान आहे, हवं तिथं झोपड्या घाला. हे आणि गावचा म्होरक्या येसाजी उद्या जागा बघायला जाणार. शांताला आज कडेवरून खाली सोडलंच नाही. चार वर्षांची पोर, सारखी पोत्यांकडं धावते.

कार्तिक वद्य ५
दोन जागा बघून आले. खालचं तळं वाटेवरच. पण तिथं मागं सागवान तोडणाऱ्यांचा तळ होता, निम्मे हिवतापानं गेले. वरचं तळं डोंगराच्या कुशीत, पाणी निवळ. सपाट जागा मात्र एकच — तिथं लाडू कुणब्याची नाचणी आणि खोपटं.

येसाजी म्हणाला, "खालीच जाऊया शेट. लाडूच्या पोटाची जागा हाय ती."

हे म्हणाले, "कागद हाय का त्याच्याकडं? सरकारचं रान म्हंजे सगळ्यांचं रान."

वरचं ठरलं. मला बरं वाटलं. शांतासाठी बरं वाटलं.

कार्तिक वद्य ८
सगळं गाव वर आलं. लाडूची बायको बाळी बांधावर उभी, कडेवर तान्हं पोर. पुढं येईना.

"पाणी न्या बाई, लाकडं न्या. पर हितं राहू नका. तुमच्यासंगं रोग येतोय."

"आम्ही तरी कुठं जाऊ?" मी म्हटलं.

"तुमाला गाव हाय. आमाला हे येवढंच."

तिच्यासमोरच खांब रोवले. नाचणी अर्धी कापायची राहिली होती — तुडवली गेली.

कार्तिक वद्य ९
थंडी. शांता खोकली. नुसता खोकलाच होता.

कार्तिक वद्य ११
लाडूचं खोपटं रिकामं! चूल गार. कोंबड्याही नेल्या. यांना विचारलं. "गेले असतील आपल्या माणसांत." दुपारी आमचं बिऱ्हाड त्यांच्या खोपटात. कूड पक्का आहे, वारा लागत नाही. शांता गाढ झोपली.

कार्तिक अमावास्या
येसाजी कड्यावर लाकडाला गेला होता. परत आला तो सरळ यांच्यापुढं. "शेट, गावात धूर दिसला. तुमच्या घरातनं."

हे म्हणाले, "लाडू हाय तिथं. निवारा पायजे होता, दिला. कौलारू घर."

मी विचारलं — चारचौघांत, पहिल्यांदाच — "आणि ते गेले कसे? रोगाला भीत होते ना?"

"सांगितलं, रोग आमच्यासंगं वर आला. गाव आता मोकळं झालं."

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरीसाठीच केलं ना!"

मार्गशीर्ष शुद्ध १
येसाजीबरोबर गावात उतरले. हे आडवे आले, "पोरीला टाकून जातेस?" शांताला त्यांच्याच हातात दिलं.

लाडू आमच्या ओट्यावर पडलेला. जांघेत गाठ, शुद्ध नाही. दुपारी गेला. येसाजीनं परसात खड्डा खणला, मी माती लोटली. बाळी रडली नाही. म्हणाली, "घर झाडून ठिवलं हाय बाई. तुमी परत येशीला म्हणून." उंदीर तिनं हातानं उचलून टाकले होते!

मार्गशीर्ष शुद्ध २
दोघांना वर आणलं. बाळी तापानं फणफणलेली, पोर धड आहे. झोपड्यांजवळ कुणी येऊ देईना. लोकांनी दगड उचलले. सगळ्यांच्या पुढं हेच होते. येसाजीनं तळ्याच्या पलीकडं आमच्यासाठी पाल्याची खोप घातली. तोही परत गेला नाही. म्हणाला, "जागा बघायला मीबी आलतो."

मार्गशीर्ष शुद्ध ४
बाळी गेली. शेवटी पाणी मागत होती, पाजलं.

मार्गशीर्ष शुद्ध ५
काखेत गाठ लागते. बाळीचं पोर येसाजीकडं दिलं. त्या काठावर शांता उभी आहे, 'आई, आई' करते. मी ओ देत नाही. दिली तर ती पाण्यात उतरेल.