टेलपर्यंत नेट

देवळाली प्रवरा,
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

श्री. राधाकृष्णराव व्याही, मुक्काम संगमनेर, यांना काकासाहेबाचा मनापासून रामराम.

आम्ही उभयता इकडे खुशाल आहोत आणि तुम्ही उभयता तिकडे खुशाल असाल असं धरून चाललो आहे. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावं. विहीणबाईंना माझा निरोप सांगा की साखर तपासायच्या आदल्या दिवशी तेवढं पथ्य पाळून डॉक्टर फसत नाही, हा प्रयोग मी स्वतः दोनदा केलेला आहे. आमच्या सौ. सत्यशीलाची कंबर बरी आहे. माझ्या तब्येतीचं विचारू नका, ती चांगलीच असते.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी मोबाइल असताना हा कागद कशाला. त्याचं असं आहे की फोनवर आपलं बोलणं ‘ऐकू येतंय का’ याच्या पुढे कधी गेल्याचं मला आठवत नाही. आणि पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली की महत्त्वाची गोष्ट कागदावर असावी ही सवय जडते. पुंजाराम (आमचा शेजारी, दुधाचा टेम्पो घेऊन तुमच्या गावाला येत असतो) हे पत्र हातात आणून देईल. त्याला चहा द्यावा, पण खुर्ची देऊ नये. तो एकदा बसला की उठत नाही.

विषय आमच्या घरच्या नेटचा आहे. तुमची निकिता, म्हणजे आमच्या सूनबाई, ‘दोन दिवस संगमनेरहून काम करते’ असं सांगून गेल्या, त्याला आज अठरा दिवस झाले. (मी मोजत नाही. सत्यशीला मोजते आणि रोज मला सांगते.) तिची कंपनी पुण्याची, काम घरी बसून करायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कंपनीने तिला बजावलंय की मीटिंगमध्ये पुन्हा नेट गेलं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. म्हणजे पुण्याला फ्लॅट घेणं आलं. फ्लॅट झाला की आमचा अंगद कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडून तिकडे जाणार आणि एवढ्या घरात मी, सत्यशीला आणि दोन म्हशी उरणार. म्हशींना नेट लागत नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही अंगदला म्हणालात म्हणे, की पुण्यात संडासातसुद्धा नेट येतं. मला त्याचा राग नाही. पण आमच्याकडेही ते कोपऱ्या-कोपऱ्यात नेता येतं, आणि कसं नेता येतं हे तुमच्या कानावर घालावं म्हणून हा खटाटोप.

तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, म्हणून सोपं करून सांगतो. नेट हे पाण्यासारखं आहे. भंडारदऱ्याहून पाणी सुटतं, कालव्यातून चारीत येतं, चारीतून पोटचारीत, आणि शेवटी टेलच्या, म्हणजे चारीच्या शेपटाकडच्या, शेतकऱ्याच्या वाफ्यात. तसं नेट बाहेरून आमच्या पुढच्या घरात येतं. तिथे भिंतीवर थोरला राउटर आहे. मध्ये पत्र्याचा गोठा. गोठ्यापलीकडे नवीन बांधकाम, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर निकिताची खोली. तिथपर्यंत थोरल्याची पोच नव्हती. म्हणून अंगदने तिच्या खोलीत धाकटा राउटर आणून बसवला.

धाकटा आला आणि त्याच दिवशी दोघांचं जुंपलं. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला राउटर एक नंबर देतो, आपण पाण्याच्या पाळीचा पास देतो तसा. आता थोरलाही नंबर वाटतोय आणि धाकटाही वाटतोय. सत्यशीलाच्या मोबाइलचा आणि टीव्हीचा नंबर एकच निघाला. एका चारीवर दोन पाटकऱ्यांनी पास फाडले की काय होतं ते मी चौऱ्याण्णव सालच्या आवर्तनात पाहिलं आहे. त्यात एकाची सायकल कालव्यात गेली होती. (सायकल माझी होती.) निकिताने मात्र तासाभरात मिटवलं. धाकट्याला तिने ताकीद दिली की तू नंबर वाटायचे नाहीत, थोरल्याकडून येईल ते नुसतं पुढे द्यायचं. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत गोठ्यावरून एक निळी वायर ओढली आणि नेट सुरू. मुलगी हुशार आहे, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. हा गुण तिने विहीणबाईंकडून घेतला असावा.

पण चारीचं दार उचलून पाणी सोडलं की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यातला मी नव्हे. टेलला पोचलं की नाही ते पाटकऱ्याने आपल्या पायांनी जाऊन बघायचं असतं. म्हणून दर अर्ध्या तासाला मी जिना चढून निकिताला विचारून यायचो, पोचतंय का. ती हाताने खूण करायची. (एक खूण पोचतंय अशी असायची. दुसरी एक होती, ती मला नीट उलगडली नाही.) मीटिंग चालू असली तर मी चकार शब्द काढत नसे, नुसता तिच्या मागे उभा राहून लॅपटॉपमध्ये बघत असे. पुण्याचे साहेबलोक सभ्य वाटले. दोघातिघांनी मला हात जोडून नमस्कार केला. मी बंडीवर होतो, पण बंडी धुतलेली होती.

असाच एकदा उभा असताना माझ्या लक्षात आलं की धाकट्याच्या पाठीला चार भोकं आहेत आणि वायर एकाच भोकात आहे. मनात विचार आला, निकिता जेवायला खाली येते, लॅपटॉप मिटते, तेव्हा मागून येणारं नेट जातं कुठे? राधाकृष्णराव, टेलच्या पुढे गेलेलं पाणी ओढ्याला मिळताना मी एकतीस वर्षं उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दर वेळी पोटात तुटलं आहे. ते उरलेलं पाणी परत चारीत घ्यावं म्हणून मी वरिष्ठांकडे तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. पण इथे घर माझं, वायर माझी, परवानगी कुणाची घ्यायची? अंगदने आणलेली पिवळी वायर तशीच पडून होती. तिचं एक टोक धाकट्याच्या रिकाम्या भोकात घातलं, ती गोठ्यावरून परत पुढच्या घरात आणली आणि दुसरं टोक थोरल्याच्या रिकाम्या भोकात बसवलं. निळ्या वायरने नेट जाणार, पिवळ्या वायरने उरलेलं परत येणार. थेंब वाया नाही.

टोक बसवल्याबरोबर काय दिवे लागले म्हणून सांगू. एरवी दोन्ही राउटर डोळे मिचकावल्यासारखे सावकाश लुकलुकायचे. आता सगळे दिवे एका दमात फडफडायला लागले. मी ओळखलं की हा पूर्ण विसर्ग आहे. सत्यशीलाला हाक मारून दाखवलं. तिने थोरल्याला हळदकुंकू वाहिलं. (आमच्याकडे नव्याने चालू झालेल्या यंत्राला वाहतात. पिठाच्या गिरणीलाही वाहिलं होतं.) नेमकी त्याच वेळी वर निकिताची मीटिंग बंद पडली आणि घरातल्या एकूण एक मोबाइलचं नेट गेलं. हा निव्वळ योगायोग होता.

निकिता तासाभराने बॅग घेऊन खाली आली, आम्हा दोघांच्या पाया पडली आणि दोन दिवसांचं सांगून गेली. मी तिला म्हटलं, तू येईपर्यंत मी सगळं चोख करून ठेवतो. अंगदलाही बजावलं की यात कुणी हात घालायचा नाही. तेव्हापासून मी एकटा या कामावर आहे. गोठ्याचा एक पत्रा काढून पाहिला. थोरल्याला भिंतीवरून काढून देवघराच्या फळीवर बसवलं. दोघांना दहा-दहा मिनिटं बंद ठेवून विश्रांती दिली. फरक नाही. मग कंपनीचा माणूस बोलावला. त्याने थोरल्याच्या सगळ्या वायरी काढल्या, स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि नेट धो धो आलं. मग सगळ्या वायरी होत्या तशा लावून तो घाईने दुसऱ्या गावाला गेला आणि त्याची गाडी चौकात पोचायच्या आत नेट पुन्हा बंद. यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला की त्या माणसाचा हातगुण चांगला आहे.

सत्यशीलाने मध्येच एक अडाणी शंका काढली. म्हणाली, “आवो, ही पिवळी वायर जाती बी हितनंच आन् येती बी हितंच. मंग ती मधी करती काय?” मी तिला टेल, ओढा आणि माझे तीन अर्ज, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली, म्हणजे तिला पटलं असणार.

माझं निदान आता पक्कं झालं आहे. दिवे रात्रंदिवस फडफडतायत, म्हणजे नेट घरात काठोकाठ भरलेलं आहे. दोष असेल तर तो मोबाइलांचा, त्यांना ते घेता येत नाही. तेव्हा आमच्याकडची व्यवस्था उत्तम आहे असं समजून निकिताला निर्धास्तपणे पाठवून द्यावं आणि पुण्याच्या फ्लॅटचा विषय तुमच्याकडून तरी निघू नये. विहीणबाईंना नमस्कार. गुडघा निर्गुडीच्या पाल्याने शेकावा.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. (सोमवार सकाळ) पुंजारामच्या टेम्पोचं चाक खोललेलं आहे, म्हणून पत्र इथेच आहे. दरम्यान एक घडलं. सत्यशीलाला दोडक्याचा वेल मांडवावर बांधायला दोरी हवी होती. तिने मला न विचारता पिवळी वायर दोन्हीकडून उपसली. त्याच क्षणी तिच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजायला लागला, तो एकोणीस दिवसांचे निरोप घेत चार मिनिटं सलग वाजत राहिला. धारेला बसलेला अंगद म्हणतो, त्या आवाजाने म्हशीने दूध चोरलं. नेट आलं, तेही दोन्ही घरांत आणि वरच्या खोलीतही. मी पिवळी वायर पुन्हा लावून पाहिली, नेट गेलं. काढली, आलं. असं अकरा वेळा केलं. आता वायर दोडक्यावर आहे. अंगद सांगतो की दोन राउटर दोन वायरींनी जोडले की नेट आपल्याच घरात गोल गोल फिरत बसतं आणि बाहेरच्याला वाट राहत नाही. एवढं साधं होतं तर त्याने आधी सांगायला हवं होतं. (मीच हात घालायचा नाही म्हटलं होतं, हे खरं आहे.) वरचं पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण अक्षर बरं आलं आहे.

ता. क. दुसरा (सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर) नेट आल्याची खूण म्हणून सत्यशीलाने निकिताला व्हिडिओवर फोन लावला. मी पिवळ्या वायरचं सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, आता ये. तर ती आधी हसली. मग म्हणाली, “आप्पा, वायर तर मी पाच मिनिटांत शोधली असती. पण तुम्ही दर अर्ध्या तासाला माझ्या मागे येऊन उभे राहायचात. आमचे साहेब मीटिंग सुरू करायच्या आधी विचारायचे, आप्पा आले का. मला तुम्हाला तोंडावर सांगवेना, म्हणून मी इकडे आले.”

राधाकृष्णराव, मला वाईट वाटलं. आधी तिचं वाटलं आणि मग माझं. शेतकरी मला शिव्या घालायचे ते पाणी पोचलं नाही म्हणून. पाटकरी फार वेळा येतो अशी तक्रार माझ्यावर आजवर झाली नव्हती. मी जेवणानंतर झोपलो नाही, ओसरीवर बसून राहिलो. सत्यशीला बाजूला बसून दोडकी सोलत होती. ती एवढंच म्हणाली, “पोर चांगली हाय म्हून गप ऱ्हायली. मी आसते तर पयल्याच दिशी बोलले आसते.” ते खोटं नाही.

ता. क. तिसरा, आणि कामाचा. पुंजाराम टेम्पो चालू करून दारात उभा आहे. पत्राची पहिली पानं निकिताला दाखवू नयेत. पुढचा मजकूर मात्र मोठ्याने वाचून दाखवावा. मी, काकासाहेब, निवृत्त पाटकरी, राहणार देवळाली प्रवरा, लिहून देतो की कामाच्या वेळेत मी नवीन बांधकामाचा जिना चढणार नाही. साक्षीदार सत्यशीला. (तिने सही करताना ‘कामाच्या वेळेत’ याखाली रेघ मारून घेतली.) तुम्ही वडील म्हणून खाली सही करा, म्हणजे तिला भरवसा येईल. आणि शुक्रवारपर्यंत तिला आणून सोडा, गुडघा बरा असेल तर तुम्ही स्वतःच या. तिच्या खोलीची खिडकी आम्ही रोज उघडून झाकतो.

माझी एकच विनंती आहे. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की तिने खाली यावं आणि ‘आप्पा, आज पोचलं’ एवढं मला सांगावं. एकतीस वर्षांत पाणी आलं नाही हे सांगायला अख्खं गाव माझ्या दारात आलं. पोचलं म्हणून सांगायला टेलवरनं कुणी कधी आलं नाही.