आधी काळे, मग पांढरे

३ मार्च
गोगलगायीने आजही शेवटचं प्रकरण दिलं नाही! "मॅडम, थोडंच राहिलंय." हे थोडंच गेलं वर्षभर राहिलेलंच आहे. तिची पीएचडीची नोंदणी अठ्ठावीसला संपते, मी एकतीसला निवृत्त होते. मुदतवाढ मागितली होती, पण ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज वाचायच्या आधीच मान हलवली. अठ्ठावीसला माझ्या सहीनिशी प्रबंध गेला नाही तर पोरीची सगळी वर्षं पाण्यात. तसं आमचं सगळं पाण्यातच म्हणा — पाणकिड्यांची अंडी मोजणारी माणसं आम्ही.

५ मार्च
दुसरा विद्यार्थी, रेडिओ. याचं उलट. याला लिहू नको म्हणावं लागतं. दर परिच्छेद 'एकंदरीत पाहता'ने सुरू. म्हटलं, बाबा, जरा एकंदरीत न पाहता लिही. त्याने ते वहीत उतरवून घेतलं!

निरोप समारंभाची तयारी जोरात. विभागप्रमुख भाषणात माझा शोध सांगणार — पाणकिडे अंडी घालायला काळं भांडं निवडतात. पाठ्यपुस्तकात आहे, चित्रासकट. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो प्रयोग करून पाहिलाय आणि प्रत्येकाला तेच मिळालंय. नवरा म्हणतो, "तुझं आयुष्य काळ्या टबात गेलं. आता बागेत ये, तिथेही टब आहेत."

१० मार्च
आज गोगलगायीला गच्चीवर गाठलं. तिथेच आमचे टब. गच्चीला नळ एकच, तोही रडका; सगळे टब एका दिवसात भरत नाहीत. म्हणून आमचा नियम — आज काळे भरायचे, उद्या पांढरे, मग किडे सोडायचे. गच्चीच्या दारावर मीच रंगवून ठेवलाय: आधी काळे, मग पांढरे. नव्या विद्यार्थ्याला बाथरूम कुठे आहे ते नंतर कळतं, हे आधी.

विचारलं, प्रकरण कधी देणार? ती टबात बघत म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालात की देते, मॅडम."

घ्या! म्हणजे माझी सही नको! नोंदणी गेली तरी चालेल, पण ही बाई नको. हिच्या मसुद्यांना लाल शाई पुरवता पुरवता माझं बोट वाकडं झालं, त्याचे हे पांग फेडले! वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. जेवणात मीठ नव्हतं, ते नवऱ्याने सांगितल्यावर कळलं.

१२ मार्च
रेडिओ कधी नव्हे ते कामी आला. याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यालाच विचारलं. जरा चुळबुळला, मग सुरूच झाला.

गेल्या वर्षी गोगलगाय तापातून उठून आली आणि चुकून पांढरे टब आधी भरले. सगळी अंडी पांढऱ्यात! तिने मुद्दाम परत करून पाहिलं. परत तेच. किड्यांना रंगाशी काही देणंघेणं नाही, त्यांना शिळं पाणी हवं. आणि काळ्यांतलं पाणी नेहमी एक दिवस शिळं — माझ्या नियमामुळे.

"प्रकरण केव्हाच लिहून झालंय, मॅडम. पण तुमच्या समारंभाआधी नको म्हणते. माझं काय व्हायचं ते होऊ दे, म्हणते."

गोगलगाय न् पोटात पाय! रेडिओला हाकलून दिलं. त्याचा काही दोष नव्हता.

१३ मार्च
काहीतरी घोळ घातला असेल पोरीने. स्वतः गच्चीवर गेले. पांढरे आधी भरले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

१८ मार्च
अंडी पांढऱ्यात. काळ्यांत एक मेलेली मुंगी. चष्मा पुसून परत मोजली.

सगळ्या विद्यार्थ्यांचे निष्कर्ष कसे तंतोतंत जुळतात, म्हणून मी परिषदांमध्ये मिरवायचे. जुळणार नाहीत तर काय! एकालाही उलट भरू दिलं नाही. आधी राग आला, मग रडू, मग इतकं हसू आलं की शिपाई वर बघायला आला.

घरी सांगितलं. नवरा विचार करून म्हणाला, "म्हणजे किड्यांनी तुला शेंडी लावली?" म्हटलं, किड्यांनी नाही, नळाने.

२० मार्च
गोगलगायीला बोलावलं. म्हटलं, प्रकरण आण.

रेडिओने सांगितलं असणार हे तिला कळलं. खाली बघत म्हणाली, "पाठ्यपुस्तकातून तुमचं नाव जाईल, मॅडम."

"आणि तू घरी जाशील ते? समारंभात मला फुलं मिळणार आणि गार चहा. त्यासाठी पदवी घालवतेस?"

ती रडली. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मलाही तेच होत होतं.

२२ मार्च
प्रकरण वाचलं. काम चोख, भाषा भित्री! 'काही विशिष्ट परिस्थितीत पूर्वीच्या निष्कर्षाचा कदाचित फेरविचार संभवतो.' अगं, कुणाला घाबरतेस? सगळे 'कदाचित' खोडले. वर लाल शाईत लिहून दिलं: 'पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा आहे.' लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. पण वाक्य आता बरं झालंय.

२७ मार्च
सही केली. प्रबंध जमा. क्लार्कने आजही मान हलवली, पण दुसऱ्या दिशेने.

३१ मार्च
समारंभ. विभागप्रमुखांनी जुनंच भाषण वाचलं, काळ्या टबांसकट. मी उठून दुरुस्ती केली. चहा खरंच गार होता.

१ एप्रिल
नवरा बागेत वाट बघत होता. मी गच्चीवर गेले. गोगलगाय आधीच तिथे होती; दारावरचं वाक्य तिने तसंच ठेवलं होतं. मी खरवडून काढलं. मग बादली उचलली आणि गोगलगायीला विचारलं, आज आधी कुठले भरू?

म्हणाली, "चिठ्ठ्या टाकूया, मॅडम."