सुई झाली, पूजा राहिली

२ एप्रिल
मुदखेडहून लातूरला आलो. दाळमिलीच्या मागं दोन खोल्या भेटल्या, उजेडाच्या. मोरीत माझ्या कमरेएवढा निळा ड्रम हाय. नळ कधी येईल नेम न्हाई, म्हणून पाईप ड्रममधी सोडूनच ठेवायचा. हे म्हणले, राणीसरकार, इथं पाण्याला मुजरा करावा लागतो. लई हसले मी. देविका रांगून रांगून गुडघे पिवळे करून आली, दाळीचा भुसा सगळीकडं. बाळंतपणापासून लागलेली इन्सुलिनची सुई रोज सकाळी उठल्या उठल्या घेते.

५ एप्रिल
रेणापूरहून सासूबाई आल्या. म्हणल्या, आंघोळ अन् लिंगपूजा झाल्याबिगर तोंडात काही घालायचं न्हाई, माहेरी चाललं असंल तुझं. मी सुईचं इचारलं. त्या म्हणल्या, सुई काय भाकर हाय का, घे की. सुई घेतली, पूजेला बसले. गळ्यातून काढून तळहातावर घेतलेलं लिंग दोन-दोन दिसून राहिलं.

९ एप्रिल
मोरीत बाई हुभी होती. हातात हिरव्या बांगड्या, देविकाला उचलून घेतलेली. मी वरडले. मग बघते तर देविका माझ्याच कडेवर. सासूबाईंनी दोघींना इभूत लावली. पूजेनंतर केळ खाल्लं तवा अंगाचं कापणं थांबलं.

१२ एप्रिल
दवाखान्यातल्या मनिषा मॅडम रागावल्या. सुई घेऊन खाल्लं न्हाई तर रक्तातली साखर उतरते म्हणल्या. मेंदूतल्या पेशी साखरेवरच चालतात. त्या उपाशी पडल्या की भलतंच दिसतं, आपले हात काय करून राहिले ते आपल्यालाच कळत न्हाई. घाम सुटला की आधी साखर खायची. घरी सांगितलं. सासूबाई म्हणल्या, मॅडमला लिंगाचं काय ठाव. हे म्हणले, पूजा लवकर उरकत जा.
बांगड्या माझ्या पण हिरव्याच हायत. ती बाई मीच असंल तर देविकाला कोणापासून राखू?

१५ एप्रिल
सुई घेतली. हे मिलला, सासूबाई मठात. ड्रम कोरडा. पाणी न्हाई, आंघोळ न्हाई, पूजा न्हाई. घाम सुटलाय. साखरेचा डबा समोर हाय. पूजेबिगर कसं खाऊ — लिहीत बसले की डोकं जाग्यावर राहतं.

ती आली. मोरीच्या दारात. देविकाला लपवलं. खोल जागी. तिचा हात पुरणार न्हाई तिथं.

बाई न्हाई आता. देविका पण न्हाई. कुठं ठेवली — रडून राहिली — लांबून, घुमल्यावानी —

नळ आला. पाईपातून पाणी धो धो पडून राहिलं. बरं झालं, आंघोळ होईल, पूजा —

तळहातावर पांढरं काहीतरी हाय. मीच घेतलं. मॅडम काय म्हणल्या होत्या — आधी हे — का आधी पूजा —

रडणं थांब